तांबड्या समुद्राचा तळ ओसाड?



‘खारेपणामुळे तांबड्या समुद्राचा तळ सगळीकडे सारखाच ओसाड’ हे गेल्या अंकातल्या पत्रातलं विधान पटलं नाही. खरा प्रश्न वरून अन्न किती झिरपतं, हा. दक्षिणेच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून एडनच्या आखातातलं पोषक पाणी शिरतं, म्हणून तिकडे जीझानजवळ प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, भरपूर. उत्तरेचं निळंशार पाणी मात्र उपाशी. त्यात दोन हजार मीटर खोलीवरही पाणी सुमारे २१ अंश, त्यामुळे मेलेलं प्लवक बरंचसं वाटेतच कुजतं. जिथे तळाच्या गाळाला अन्न मिळतं, तिथे जिवाणू प्राणवायू चटकन फस्त करतात. त्याखालच्या थरात सल्फेटवर जगणारे, कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडणारे जिवाणू वसतात. उपाशी गाळात प्राणवायू खोलवर मुरतो, अमोनियावर गुजराण करणारे आर्किया हे जिवाणूंसारखे सूक्ष्मजीव तग धरतात. तळावरच्या अटलांटिस-२ या खळग्यातलं गरम, अतिखारं पाणी हा अपवाद. त्यावरून अख्खा समुद्र कसा जोखायचा?

– एक वाचक, जेद्दा