रंगीत काच म्हणजे निव्वळ नक्कल? यॉर्कशायरमधील एका चर्चची साक्ष

व्हिक्टोरियन काळातील चर्चच्या रंगीत काचचित्रांविषयी इतिहासप्रेमींचा एक शेरा ठरलेला आहे : अस्सल काच मध्ययुगातली, एकोणिसाव्या शतकातली ती कारखान्यात निघालेली नक्कल. हा शेरा मला निव्वळ आळशीपणाचा वाटतो. आजचा धागा त्याच्याविरुद्ध.

आधी नकलेचा आरोप. चार्ल्स विन्स्टन पेशाने वकील. १८४७ मध्ये त्याने जुन्या काचचित्रांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे मध्ययुगीन काचेचे तुकडे रासायनिक पृथक्करणासाठी दिले. त्या निष्कर्षांच्या आधारे लंडनच्या पॉवेल कंपनीने नवी काच तयार केली. ज्यांनी जुनी काच प्रयोगशाळेत नेऊन तपासली, त्यांना नकलाकार ठरवण्याआधी आपण स्वतः काय तपासले, हेही सांगावे.

पण हा तपशील झाला. खरे भांडण पुढे आहे.

स्केल्टन-ऑन-यूअर हे यॉर्कशायरमधील खेडे. तेथे न्यूबी हॉलच्या आवारात वास्तुविशारद विल्यम बर्जेसने १८७१ ते १८७६ या काळात एक चर्च उभारले. काचचित्रे सॉन्डर्स कंपनीची. चर्चचे नाव 'क्राइस्ट द कन्सोलर', म्हणजे सांत्वन करणारा ख्रिस्त. सांत्वन कोणाचे? काचेत दिसतात ती बायबलमधील पात्रे. उत्तरासाठी ग्रीसकडे वळावे लागते.

११ एप्रिल १८७०. मॅरेथॉनचे रणक्षेत्र पाहून अथेन्सला परतणाऱ्या इंग्रज पाहुण्यांना डाकूंनी पकडले. स्त्रियांना लवकर सोडले. लॉर्ड मंकास्टर यांना वाटाघाटींसाठी पाठवले. खंडणीच्या पैशाची तयारी होती. अडले ते माफीवर : डाकूंना संपूर्ण माफी हवी होती आणि ग्रीक राज्यघटना तशी माफी देऊ देत नव्हती. सैन्याने वेढा आवळला. २१ एप्रिल रोजी दिलेसीजवळ चौघे ओलीस मारले गेले : ब्रिटिश वकिलातीतील हर्बर्ट, इटालियन वकिलातीतील द बॉयल, बॅरिस्टर लॉइड आणि तरुण फ्रेडरिक वायनर. स्केल्टनचे चर्च या वायनरच्या आईने बांधवले. खंडणीसाठी जमवलेला पैसाच बांधकामाला लागला, असे सांगितले जाते.

ही कथा सांगून डोळे पुसणे सोपे आहे. मला तेही पुरेसे वाटत नाही. चौघे मेले, हे चर्च एकाचे. इंग्लंडमध्ये एवढा संताप उसळला की ग्रीसमध्ये हस्तक्षेप करण्याची मागणी झाली. पकडलेल्या डाकूंना अथेन्समध्ये देहान्त शिक्षा झाली. यांपैकी काहीही काचेवर उमटले नाही. शोकाला दगड, संगमरवर आणि काच पुरवण्याची ऐपत कोणाची होती आणि त्या शोकातून काय वगळले गेले, हे विचारणे हेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे काय? 'सुंदर' म्हणून थांबणारा आणि 'नक्कल' म्हणून हिणवणारा, दोघेही हा प्रश्न टाळतात.

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्येही याच वायनरची स्मारक खिडकी आहे. तिचे रेखाटन एडवर्ड बर्न-जोन्सचे, घडण मॉरिस कंपनीची. शमुवेल, दावीद, योहान आणि तीमथ्य : चौघेही कोवळ्या वयाचे रंगवले आहेत. निवड उगाच झालेली नाही.

आता आपल्या पाठ्यपुस्तकाकडे येऊ. फ्रेडरिकची बहीण हेन्रिएटा हिचा पती १८७० मध्ये ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळात होता. म्हणजे मेहुणा डाकूंच्या ताब्यात असताना हा गृहस्थ सत्तेच्या मेजाशी बसलेला होता. या दांपत्याने स्टडली रॉयल येथे बर्जेसकडूनच दुसरे स्मारक चर्च बांधवून घेतले. ते अँग्लिकन पंथाचे; काम चालू असतानाच, १८७४ मध्ये, हा पती मात्र कॅथलिक झाला. १८८० मध्ये तो व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात आला. १८८२ च्या ठरावामुळे 'स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक' म्हणून आपण ज्यांचे नाव शाळेत पाठ केले, ते लॉर्ड रिपन हेच.

ज्यांना ही काच अजूनही नक्कल वाटते, त्यांनी प्रतिसादात एवढेच लिहावे : कशाची?