रॉड कोणता, हे ठरवतो कोण?

फैजपूरसारख्या गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला वेल्डिंग इंजिनिअर कशाला हवा, असे विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते. चार माणसांचे दुकान, केळीच्या ट्रॉल्या, रोटाव्हेटर, गेट-ग्रिल. त्यात जन्म रॉड जाळण्यात गेलेल्या मिस्त्रीला लेखी कार्यपद्धती शिकवणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे, आणि इंजिनिअरचा पगार द्यायचा कुणी?

पगाराचा मुद्दा खरा आहे. पण या दुकानात वेल्डिंग इंजिनिअरिंग होतच नाही, हे साफ खोटे. रॉड कोणता, करंट किती, धातू आधी तापवायचा की नाही, भेग कुठवर काढायची, यालाच वेल्डिंग इंजिनिअरिंग म्हणतात आणि ते रोज होते. रॉड ठरवतो रॉडचा व्यापारी, म्हणजे त्याच्याकडे असेल तो. भेग किती काढायची ते ठरवतो गिऱ्हाईक, कारण तो डोक्यावर उभा असतो : ‘भाऊ, माल भरायचाय, पट्टी मारून द्या.’ तापवायचे की नाही ते घड्याळ ठरवते.

ट्रॉलीचा दांडाच घ्या. तो तडकतो बहुधा जुन्या वेल्डच्या कडेला, हिसके खाऊन खाऊन. मिस्त्री भेगेवरून सुबक रनिंग मारतो, वर आडवी पट्टी. भेग आत तशीच राहते आणि पट्टीच्या टोकाला नवा ताण जमतो. पुढची भेग तिथून. खरी रीत अशी : भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तिची वाट अडवायची, ग्राइंडरने मुळापर्यंत कोरायचे, लाल डाय लावून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर अजून कोरायचे. रॉड त्यानंतर.

शाफ्टची गोष्ट आणखी वाईट. साध्या अँगल-प्लेटमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. ईएन-८ च्या शाफ्टमध्ये सुमारे ०.४ टक्के. तो न तापवता जोडला, वर लवकर हाती द्यायचा म्हणून पाणी ओतले, की वेल्डशेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. त्यात पावसाळ्यात उघड्या पुड्यातला ७०१८ चा रॉड. तो तीनशे-साडेतीनशे अंशांवर तास-दोन तास भाजून घ्यायचा असतो, नाहीतर ओलाव्यातला हायड्रोजन धातूत शिरतो आणि तडा कधी कधी दुसऱ्या दिवशी जातो. तोवर शाफ्ट शेतात पोचलेला असतो. शिव्या मिस्त्रीच्या हाताला.

‘हात चांगला असला की झाले’ हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. भुसावळजवळच्या दीपनगरला वीज केंद्रात बॉयलरची नळी जोडायची तर वेल्डरची परीक्षा होते, कार्यपद्धती आधी सिद्ध करावी लागते. १९५० च्या बॉयलर नियमावलीचा तो धाक आहे. तोच वेल्डर सुटीत गावातल्या दुकानात बसला, की यातले काहीच नसते. हात तोच, व्यवस्था गायब.

‘किरकोळ काम आहे हो.’ २७ मार्च १९८० ला उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलंड’ हा तरंगता निवासमंच उलटला आणि १२३ माणसे गेली. चौकशीत भेगेचे मूळ सापडले ते हायड्रोफोनचा आधार बसवण्यासाठी मारलेल्या ६ मिलिमीटरच्या फिलेट वेल्डमध्ये. मंचाचा भार त्या वेल्डवर नव्हता, म्हणून तो किरकोळ. केळीची ट्रॉली म्हणजे समुद्रातला मंच नव्हे, हे कबूल. पण मागून दुचाकीवर येणाऱ्याला हा फरक समजावून सांगता येणार नाही.

मग करायचे काय? पगारी इंजिनिअर नेमा, असे मी म्हणतच नाही. आयएसओ १४७३१ हे वेल्डिंग समन्वयाचे मानकसुद्धा समन्वयाचे काम बाहेरच्या माणसाकडून करून घेऊ देते. जबाबदारी मात्र बनवणाऱ्याचीच ठेवते. आठ-दहा दुकानांनी मिळून एक जाणकार धरावा. रोजच्या पाच-सहा दुरुस्त्यांची पानभर कार्यपद्धती त्याने लिहावी, मिस्त्रीला शेजारी बसवून. कारण यांत्रिकीची पदवी घेतलेल्या कितीतरी पोरांनी रॉड हातात धरलेला नसतो, आणि त्यांचे पान मिस्त्री पहिल्याच दिवशी ग्राइंडर पुसायला घेईल. फैजपुरात जे. टी. महाजन अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नमुन्याचा वेल्ड कापून, आम्ल लावून आतले पाहणे हे त्याच्या विद्यार्थ्यांसाठी चांगले प्रकल्पकाम ठरेल.

ठरवणाऱ्याचे नाव माहीत असणे या गावाला नवे नाही. १९३६ चे काँग्रेस अधिवेशन इथे भरले, खेड्यातले पहिले. बांबू इथलाच, राबणारे हातही इथले, पण सजावट कुणी ठरवली या प्रश्नाला एक नाव होते, नंदलाल बोस. दुरुस्तीच्या बिलावरही तसे एक नाव हवे : रॉडचा नंबर आणि तो ठरवणारा.

राहिला शेवटचा आक्षेप, दर वाढेल. वाढेलच. कोरायला चाक झिजते, तापवायला गॅस लागतो, वेळ जातो. आज मात्र तोच दांडा पुन्हा दारात येतो, आणि दुसऱ्या खेपेला गिऱ्हाईक पैसे काढत नाही.