बिर्याणीच्या डब्यातला कॅक्टस

बिर्याणी संपते, रायताही संपतो, पण तो झाकणवाला पारदर्शक डबा काही संपत नाही! धुऊन ठेवला जातो, एकात एक बसवून ओट्याखाली रचला जातो आणि वर्षभरात तिथे डब्यांचा टॉवर उभा राहतो. फेकवत नाही, वापरवतही नाही. तर बॉस, या आठवड्यात त्या टॉवरला कामाला लावायचंय. त्यात कॅक्टस पेरायचेत. हो, पेरायचेत. बियांपासून!

‘नर्सरीत तयार मिळतो की, एवढा उपद्व्याप कशाला?’ मिळतो ना. हिरव्या दांड्यावर लालभडक गोळा बसवलेला तो फेमस आयटम घ्या. मुळात ती दोन झाडं आहेत. लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, स्वतःचं अन्न त्याला बनवता येत नाही, म्हणून त्याचं हिरव्या कॅक्टसवर कलम केलेलं असतं. काही वर्षांत ही भागीदारी बहुधा मोडते. दुसरा आयटम म्हणजे बारा महिने फुललेला कॅक्टस. त्याचं फूल हलकेच हलवून बघा. अनेकदा ते सुकलेलं फूल गोंदानं चिकटवलेलं असतं. (आणि मॉनिटरशेजारी ठेवला की रेडिएशन शोषून घेतो हा फंडा तर पूर्ण भंकस!)

‘रेअर’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मोठ्या, जुन्या झाडांची गोष्ट जास्त गंभीर आहे. २०१५ साली जगभरातल्या १४७८ कॅक्टस प्रजातींचा आढावा घेतला गेला, तेव्हा ३१ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचं दिसलं. त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे हौशी लोकांसाठी होणारी चोरटी तोड. २०२० मध्ये इटलीत पोलिसांनी एका घरातून हजाराहून जास्त कॅक्टस जप्त केले. चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटून आणलेले! त्यातले ८०० हून अधिक पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवले गेले. आपल्या खिडकीत तसलं काही नको असेल, तर सरळ उपाय म्हणजे बी. तेही आपल्याच झाडांवर धरलेलं बी विकणाऱ्याकडून घ्या, कारण चोरी बियांचीही होते.

आता एक जुना गोंधळ. मराठीत ‘निवडुंग’ या एका शब्दात आपण सगळं काटेरी जग कोंबलंय. गावाकडच्या कुंपणाचा त्रिधारी निवडुंग मोडला की पांढरा चीक येतो. तो युफोर्बिया, कॅक्टसच्या कुळातलाच नव्हे. फड्या निवडुंग मात्र अस्सल कॅक्टस आणि मूळचा अमेरिका खंडातला. आणि सांगली-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातून बाजारात येणारं ड्रॅगन फ्रूट? तोही कॅक्टसच! म्हणजे पहिली बॅच जवळजवळ फुकट. चमचाभर गर चहाच्या गाळणीत चोळून धुवा, बिया टिश्यूवर सुकवा, पेरा. आठवडा-दोन आठवड्यांत हिरवी पानं दिसतील. पण हे प्रॅक्टिससाठीच हं. पुढे तो वेल खांब मागतो आणि वन बीएचकेमध्ये खांब कुठून आणणार?

हात बसला की मॅमिलेरिया, अॅस्ट्रोफायटम, जिम्नोकॅलिशियम अशी छोटी मंडळी आणा. मॅमिलेरियाचं बी खसखशीएवढं, अॅस्ट्रोफायटमचं त्याहून मोठं आणि खोलगट, उपड्या टोपीसारखं.

या सगळ्या खटाटोपातली एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कॅक्टसचं बाळ हे कॅक्टससारखं वागत नाही! मोठ्या झाडाला ऊन आवडतं, पाणी नकोसं होतं. बाळाला बरोबर उलटं हवं असतं. वाळवंटातही बी रुजतं ते पाऊस पडून गेल्यावर, आणि जगतं ते बहुतेक एखाद्या झुडपाच्या नाहीतर दगडाच्या सावलीत. अमेरिकेतल्या अॅरिझोनातला तो सिनेमात दिसणारा हात वर केलेला सग्वारो आठवा. पहिल्या आठ वर्षांत त्याची उंची होते जेमतेम एक ते दीड इंच. (आपलं अप्रेझल बरं म्हणायचं!) एवढ्याशा जिवाकडे पाणी साठवायला अंगच नसतं. म्हणून झाकणवाला डबा. आत ओल कोंडून राहते, बाहेर पंखा असो की एसी, बाळाला पत्ता लागत नाही.

डबे एकसारखे दोन घ्या. एकाच्या तळाला तापवलेल्या दाभणानं सात-आठ भोकं पाडा (खिडकी उघडून, तो वास चांगला नाही) आणि तो बिनभोकाच्या डब्यात बसवा. झाला ट्रेसकट ट्रे. मिठाईचा पारदर्शक डबा चालतो, महागड्या चॉकलेटांचा तर फारच छान. माळ्यावर सीडींचा तो गोल घुमटवाला डबा पडला असेल तर त्याच्याइतकं देखणं ग्रीनहाऊस विकत मिळणार नाही. श्रीखंडाचा डबा अपारदर्शक, पण वर क्लिंग फिल्म ताणली की काम होतं. चहाचे कागदी कप मात्र नकोत, महिन्याभरात लिबलिबीत होतात. करवंटीला बुरशी धरते आणि दिवाळीच्या पणत्या दुपारपर्यंत कोरड्या ठाक.

माती? मुळात माती नकोच. जाडसर धुतलेली वाळू आणि चाळलेला विटांचा चुरा मिळून तीन भाग, त्यात एक भाग कोकोपीट. हे ओलं करून इडलीसारखं वाफवायचं, कुकरची शिटी काढून, वीसेक मिनिटं. आई ओरडेल, म्हणून भांडं जुनं घ्या. पण ही पायरी गाळू नका. बंद, दमट डब्यात बुरशी एकदा सुटली की रात्रीत अख्खी बॅच आडवी करते. मिश्रण गार झालं की दोन इंच भरा, उकळून गार केलेलं पाणी खालच्या डब्यात ओता आणि वरपर्यंत ओल चढू द्या. उरलेलं पाणी काढून टाका. बिया वर नुसत्या भुरभुरवा. पुरू नका, त्यांना उजेड हवा असतो. झाकण लावा.

पेरणी कधी? पावसाळा सोडून. मुंबई-कोकणात दिवाळीच्या आसपास झकास. पुणे-नाशिकला थंडीच्या रात्री बियांना मानवत नाहीत, तिथे फेब्रुवारी संपता संपता. विदर्भात एप्रिल-मे टाळाच.

डबा उजेडात ठेवा, उन्हात नाही. बंद डबा दहा मिनिटं जरी उन्हात राहिला तरी आतल्या बाळांची भाजी होते. पूर्वेच्या खिडकीपासून हातभर आत, ही जागा बेस्ट. ऑफिसच्या डेस्कवर नको. ट्यूबलाइटच्या उजेडात ती काकडीसारखी लांबतात आणि मान टाकतात.

अॅस्ट्रोफायटम कधीकधी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच रुजतात, बाकीचे दोन-तीन आठवडे घेतात. सुरुवातीला दिसतात हिरवे मणी. बघणाऱ्याला वाटेल, मटार सांडलेत! मग मधून केसासारखे मऊ काटे फुटतात. इथून पुढे तुमचं काम म्हणजे रंग वाचणं. लालसर-जांभळी झाली तर उजेड जास्त, पडदा ओढा. फिकट आणि उंच झाली तर कमी, खिडकीकडे सरकवा. एखादं पारदर्शक, लिबलिबीत दिसलं तर चिमट्यानं लगेच उचला, शेजारच्याची वाट बघू नका.

आणि झाकण उघडून रोज भेट घेऊ नका! दर उघडण्यासरशी हवेतली बुरशी आत जाते. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब दिसताहेत ना, मग सगळं ठीक आहे. सगळ्यात अवघड भाग हाच. आपल्याला डिलिव्हरी बॉय कुठल्या सिग्नलला थांबलाय हेही बघायची सवय, आणि इथे तीन-चार महिने काही करायचंच नसतं. नंतर झाकण आधी एका कडेनं किंचित उचला, मग आठवड्या-आठवड्यानं थोडं जास्त. महिन्याभरात पूर्ण काढा. पाणी खालूनच, वरचा थर सुकत आला की.

ती गर्दीत सुखी असतात, वेगळं करायची घाई नको. वर्षभरानं अंगाला अंग घासायला लागली की बघू. मॅमिलेरियाला तीनेक वर्षांत फूल येऊ शकतं, बाकीच्यांना जास्त. आणि अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटवर राहणाऱ्यांनी बाल्कनीत कुंड्या भरण्यापेक्षा हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. शिफ्टिंगच्या दिवशी कुंड्यांची जबाबदारी टेम्पोवाला घेत नाही, पण तीस कॅक्टसचा एक डबा रिक्षात मांडीवर बसून येतो. घरमालकाला पत्ताही लागत नाही. आणि ‘घरात काटेरी झाड ठेवू नये’ म्हणणाऱ्या काकूंना हे मणी दाखवा, काटे येईपर्यंत त्यांचीही सवय होईल.

पेरलेल्या दिवशीच जुन्या झाकणाची एक पट्टी कापा, त्यावर नाव आणि तारीख लिहून डब्यात खोचा. पेन्सिलीनं लिहा. मार्कर वर्षभरात उडून जातो.