तिशीत मिलुईमला निघालेल्या नातीसाठी



या सदरात मी बहुधा साखर, रक्तदाब, गुडघे आणि मोतीबिंदू यांबद्दल लिहिते, कारण तुमचे-आमचे सर्वांचे तेच चाललेले असते. आज तिशीच्या मुलींबद्दल लिहायचे आहे. तुम्ही म्हणाल, तिशीच्या मुली इथे मराठी कुठे वाचतात? नाहीच वाचत. पण शुक्रवारी संध्याकाळी त्या तुमच्याच घरी जेवायला येतात, आणि "मी सैन्यात नाव देते" म्हणाल्या की पहिला आरडाओरडा तुम्हीच करता. म्हणून हे तुमच्यासाठी.

आमच्या घरी हा प्रसंग पेसाहनंतरच्या शुक्रवारी घडला. मोठ्या मुलीची मुलगी, वय ३१, इस्पितळात नर्स. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर तीन लाखांहून जास्त राखीव सैनिकांना बोलावले गेले, हे आपण सर्वांनी पाहिले. तेव्हापासून तिच्या वॉर्डातले कोणी ना कोणी सतत मिलुईमवर असते आणि ही मागे राहून त्यांच्या पाळ्या भरते. तिला बोलावणे आले नाही. आता स्वतःहून वैद्यकीय तुकडीत जाते म्हणाली. झाले! तिच्या आईने चमचा खाली ठेवला आणि लग्नाचा विषय काढला. मामा म्हणाला, "हे काय वय आहे? तिथे सगळी अठरा-वीसची पोरे." आमचे हे म्हणाले, आपल्या घराण्यात बायका कधी पलटणीत गेल्या नाहीत.

घराण्याचे म्हणाल तर आपल्या लोकांना पलटणीचा केवढा अभिमान! समाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, ही गोष्ट मुलांना आपणच सांगतो. व्हाइस अ‍ॅडमिरल बेंजामिन सॅम्सन आपले, हेही सांगतो. मग नातीने पिशवी भरली की आपल्या पोटात गोळा का यावा? ७ ऑक्टोबरला बायकांच्या रणगाड्याने दिवसभर लढाई केली, ते टीव्हीवर बघून आपण टाळ्या वाजवल्याच ना?

मी त्या दिवशी फक्त एवढेच विचारले, "पायाचे काय?"

या पायाचे मला सांगितलेच पाहिजे. ती अठरा वर्षांची असताना लढाऊ तुकडीच्या प्रशिक्षणात गेली होती. चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला. डाव्या नडगीवर एका जागी दुखते, बोट ठेवले की कळ येते, रात्रीही ठणकते. मी त्या वेळी नोकरीत होते, तीस-पस्तीस वर्षे रुग्ण पाहिलेली बाई. आणि मी तिला काय सांगितले? बाम चोळ, पट्टी बांध, सगळ्यांचेच दुखते, सोडून आलीस तर लोक काय म्हणतील. ती आणखी दहा दिवस पाठीवर वजन घेऊन चालली. शेवटी तपासणीत हाडाला तडा गेल्याचे निघाले. ती कित्येक आठवडे कुबडीवर होती, नंतर तिला ऑफिसात बसवले आणि उरलेली नोकरी तिने कागदांच्या गठ्ठ्यांत काढली. कोणी मला दोष दिला नाही, तिनेही नाही. पण तिची लक्षणे मी पुस्तकात वाचलेली होती. परक्याच्या मुलीने तीच सांगितली असती तर मी तिला तडक डॉक्टरकडे पाठवले असते.

म्हणून माझे मत आज असे आहे की तिशीतली मुलगी जायचे म्हणते तर तिला अडवू नका, आणि बाम चोळ म्हणूनही पाठवू नका. तिला तयार करून पाठवा.

आधी वयाचे. तिशीत शरीर म्हातारे होते हा गैरसमज आहे. हाडे साधारण तिशीपर्यंत भरत जातात, म्हणजे ३१व्या वर्षी हाड अठराव्या वर्षापेक्षा कच्चे नसते. फरक पडतो तो दमल्यावर सावरायला लागणाऱ्या वेळात. दहा वर्षे खुर्चीत बसलेल्या किंवा वॉर्डात उभ्या राहिलेल्या शरीरावर एकदम ओझे टाकले तर ते तक्रार करणारच. हाड जिवंत असते. त्याच्यावर नवा भार आला की ते आधी जुना भाग खरवडून काढते आणि मग नवा भरते, घराच्या डागडुजीसारखे. या खरवडण्याच्या काळात, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत, ते नाजूक असते. त्याच वेळी रोज चालणे वाढवत नेले तर तडा जातो. जगातल्या बहुतेक सैन्यांत असे तडे पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त जातात. इस्रायली सैन्याच्या डॉक्टरांनी यावर १९८०च्या दशकापासून काम केले आहे, आणि त्यांना सापडलेला एक उपाय आपल्या आजीलाही सुचला असता. प्रशिक्षणातल्यांना किमान सहा तास झोप द्यायची आणि एकूण चालणे कमी करायचे. त्याने तडे बरेच कमी झाले. आपण मात्र कमी झोपणाऱ्या मुलीला 'कष्टाळू' म्हणून नावाजतो.

तेव्हा किमान तीन महिने आधीपासून चालणे सुरू करावे. पहिले रिकाम्या हाताने, मग पाठीवर थोडे वजन, दर आठवड्याला थोडेच वाढवत. नवे बूट घरातच मऊ करून घ्यावेत. दुखणे दोन्ही पायांत पसरलेले असेल तर ते थकव्याचे. एका बोटाने दाखवता येईल इतक्या जागी असेल, चालताना वाढत असेल, रात्रीही असेल, तर चालणे त्याच दिवशी बंद. आणि लक्षात ठेवा, सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये तडा पुष्कळदा दिसत नाही. "एक्स-रे स्वच्छ आहे" म्हणून परत पाठवले तरी दुखणे राहिले तर पुन्हा जायचे, लाजायचे नाही.

आता रक्ताचे. आपल्या मुलींत लोह कमी असते. कुपत होलीममध्ये हिमोग्लोबिन बघतात, ते १२च्या वर असले की सगळे ठीक म्हणून कागद ठेवून देतात. पण साठ्यातले लोह, म्हणजे फेरिटिन, रिकामे होत आलेले असले तरी हिमोग्लोबिन काही काळ बरे दिसते. घरात डबे रिकामे झाले तरी ताटात अजून भात असतो, तसे. म्हणून फेरिटिन मुद्दाम सांगून तपासून घ्यावे, आणि ड जीवनसत्त्वही. इतके ऊन असलेल्या देशात राहून दिवसभर एअरकंडिशनमध्ये काम करणाऱ्या मुलींत ते कमी निघते. अमेरिकन नौदलात भरती होणाऱ्या मुलींना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले तर हाडांचे तडे कमी झाल्याचे दिसले आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. घरचे म्हणाल तर अळिवाचे लाडू, नाचणीची भाकरी, तीळ (इथली तेहिना म्हणजे तीळच), डाळीवर लिंबू. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहा जेवणातले लोह अडवतो. तासभर थांबा. हे मी चाळीस वर्षे सांगते आहे आणि माझ्याच घरात कोणी ऐकत नाही.

पुढचे जरा संकोचाचे आहे. तुम्हांला मुंबईच्या लोकल आठवतात? सकाळी घरून निघताना आपण पाणी पीत नव्हतो, कारण मध्ये बायकांना जायला जागाच नव्हती. तोंड कोरडे पडले तरी चालेल, पण ती पाळी नको. सैन्यातल्या मुली आजही तेच करतात. उघड्या मैदानात, पुरुषांच्या मध्ये, अंगावर जाड गणवेश आणि पट्टे, कोण चार वेळा सोडून बसणार? मग त्या पाणी पीत नाहीत, लघवी रोखून धरतात, आणि जळजळ सुरू होते. ती वर मूत्रपिंडाकडे सरकली की थंडी वाजून ताप येतो. नेगेवच्या उन्हात पाणी न पिणे तर जिवावरचेच. नातीला स्पष्ट सांगा की लाज सोडायची, पाणी सोडायचे नाही. सुती अंतर्वस्त्रे जास्तीची द्या, ओली बदलता आली पाहिजेत. लघवीला जळजळ, पाठीत दुखणे आणि ताप एकत्र आले तर त्याच दिवशी डॉक्टर.

पाळीचेही तसेच. ड्यूटीवर पाळी नको म्हणून पुष्कळ मुली गर्भनिरोधक गोळ्या सलग घेतात. बहुतेकींना चालते. पण घराण्यात कोणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर त्यांतल्या काही गोळ्या धोक्याच्या. इथे तुमचा संबंध येतो. तुमच्या पायात १९८८ साली गुठळी झाली होती, हे तुमच्या नातीला ठाऊक आहे का? धाकटे काका चाळिशीत अचानक गेले, ते 'देवाची मर्जी' म्हणून सांगितले की हृदयाचा झटका म्हणून? घरात कोणाला थॅलसेमिया मायनर आहे का, दमा आहे का? आपल्या पिढीने आजार झाकून ठेवले, मुलींची लग्ने मोडतील म्हणून. आता झाकून काय मिळवायचे? एका कागदावर लिहा आणि तिला द्या. हिब्रूत लिहिता येत नसेल तर तिच्यासमोर बोला, ती लिहून घेईल. आणि गोळ्या न घेता पाळी तीन महिने आली नाही तर "बरेच झाले, कटकट गेली" म्हणू नये. शरीराला अन्न पुरत नसल्याचे ते लक्षण असू शकते, आणि पुढचा फटका हाडांना.

मुलांचे काय, हा आईचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. मूल होण्याची शक्यता तिशीत हळूहळू आणि पस्तिशीनंतर जास्त वेगाने कमी होते, हे खरे आहे. पण मिलुईममुळे मूल होत नाही असे काही नाही. गरोदर स्त्रीला आणि आईला मिलुईमची सक्तीही नाही, ती स्वेच्छेने जाते. शिवाय २०१०च्या कायद्याने इथे ३० ते ४१ वयाच्या स्त्रीला वैद्यकीय कारण नसतानाही स्वतःची बीजे गोठवून ठेवता येतात. त्याला खर्च आहे, इंजेक्शने आहेत, आणि मूल होईलच अशी हमी नाही. पण हा विषय तिने तिच्या डॉक्टरांशी बोलायचा. जेवणाच्या टेबलावर सहा माणसांनी नव्हे.

कोणी जाऊ नये, तेही लिहिते. बाळंतपण होऊन थोडेच महिने झालेली, जिला शिंकताना लघवी सुटते, तिने पाठीवर वजन घेऊ नये, आधी फिजिओथेरपी करावी. जी घरातल्या दुःखापासून पळून चालली आहे, तिने आधी कोणाशी तरी बोलावे. मी असे लोक वॉर्डात पाहिले आहेत, दुसऱ्यांच्या जखमा बांधत राहतात आणि स्वतः झोपत नाहीत. परत आल्यावर ती गप्प झाली, दचकू लागली, तर "नजर लागली" म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून थांबू नका. एरानचा १२०१ हा फोन दिवसरात्र चालू असतो.

आता त्या फॉर्मकडे येते. आरोग्याबद्दल स्वतः लिहून द्यायचे असते. नातीने पायाचा तडा लिहायचा नाही असे ठरवले होते, तेरा वर्षांपूर्वीचे कोण विचारतो म्हणून. तिच्या आईला तो मोठ्या अक्षरांत लिहायला हवा होता, म्हणजे प्रोफाइल २१ मिळेल आणि प्रश्नच मिटेल. दोघी माझ्याकडे आल्या. मी म्हटले, जे झाले तेवढेच लिही, साल घाल, जुने कागद जोड, आत्ताचा पायाचा रिपोर्ट जोड. लपवलेस आणि पुन्हा दुखले तर तू मध्यरात्री कुठल्या तरी डोंगरावर असशील, आणि तुला उचलणारे दोघे जण त्या वेळी जखमीकडे नसतील. प्रोफाइल ९७ नाही आले, ६४ आले, तरी नर्सला करायला काम भरपूर असते. तिची आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

तिने लिहिले. त्यांनी कागद मागवले आहेत, उत्तर अजून आलेले नाही. फेरिटिन कमीच निघाले, गोळ्या चालू आहेत. रोज संध्याकाळी ती पाठीवरच्या पिशवीत चार किलो तांदूळ घालून आमच्या इमारतीभोवती चालते, माझ्याच डब्यातले तांदूळ, आणि जाताना परत ओतून ठेवते. परवा विचारत होती की पुढच्या आठवड्यात पाच किलो चालतील का. मी म्हटले, आधी नडगी दाखव.