जिवाणूंच्या भरवशावर किती काळ?

विशेष प्रतिनिधी

उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर परिसरात उसाचे चिपाड आणि रद्दी यांपासून कागद तयार करणारे अनेक कारखाने आहेत. साखर कारखाने व मद्यार्क प्रकल्पांबरोबरच त्यांचेही सांडपाणी काली नदीला मिळते आणि हिंडन, यमुना असा प्रवास करीत अखेर गंगेत पोहोचते. नदीकाठच्या गावांतील हातपंपांच्या पाण्याविषयीच्या तक्रारी जुन्याच आहेत. जैविक प्रक्रियेचे संयंत्र बसविले की हा प्रश्न सुटला, असे वरकरणी वाटते. वस्तुस्थिती मात्र तितकी सोपी नाही.

जैविक प्रक्रियेत टाकीमध्ये सतत हवा सोडून जिवाणू वाढविले जातात आणि ते सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये खाऊन टाकतात. या सांडपाण्यात नत्र व स्फुरद अपुरे असल्याने युरिया आणि डीएपी बाहेरून घालावे लागते. वीज गेली किंवा खर्च वाचविण्यासाठी हवेची यंत्रे बंद ठेवली, की जिवाणू मरू लागतात. विरंजनासाठी वापरलेल्या क्लोरिनमुळे तयार होणारी संयुगेही त्यांना घातक ठरतात.

खरी अडचण लिग्निनची आहे. वनस्पतीच्या तंतूंना बांधून ठेवणारे हे द्रव्य लगदा शिजविताना काळ्या द्रावणात उतरते. नेहमीच्या जिवाणूंना ते पचत नाही. काही बुरशी ते फोडू शकतात. परंतु प्रयोगशाळेतील हे यश कारखान्याच्या प्रचंड प्रवाहात टिकविणे कठीण असते.

येथेच मोजमापाची मेख आहे. बीओडीची चाचणी भारतात २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते आणि जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला, एवढेच सांगते. जे जिवाणू खातच नाहीत, ते या आकड्यात जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे लिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा पाळूनही पाणी तपकिरी राहू शकते.

काळे द्रावण आटवून जाळायचे आणि त्यातील रसायने परत मिळवायची, हा यावरचा मुख्य उपाय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने २००३ मध्ये ठरलेल्या उद्योगांच्या सनदेत लहान कारखान्यांसाठीही त्याचा आग्रह होता. गंगा खोऱ्यातील कागद उद्योगासाठी २०१२ मध्ये झालेल्या सनदेने पाण्याचा वापर घटविण्यावर भर दिला. मात्र ही यंत्रणा महाग असते. शिवाय गव्हाचे काड व भाताचा पेंढा यांतील सिलिका तिच्यात अडथळे आणते.

जैविक प्रक्रिया अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नाही. काळे द्रावण आधीच वेगळे काढले, तर उरलेल्या पाण्यासाठी ती स्वस्त आणि परिणामकारक ठरते. उगमाशी रोखायचे ओझे शेवटच्या टाकीवर टाकले, तर अहवालात मर्यादा पाळल्या जातील. नदी मात्र तपकिरीच वाहत राहील.