बांधावरचं बोर देऊ नका, विहिरीतला पिंपळ खुशाल द्या



परवा एक गाडी आमच्या माळाच्या बांधाला थांबली. दोघं उतरले, खडकातल्या बोराभोवती चार फेऱ्या मारल्या, फोटो काढले आणि विचारलं, "दादा, हे झाड देता का? तीन हजार देतो."

झाड म्हणाल तर कमरेएवढं, पण बुंधा मांडीएवढा. खाली खडकाची फट, वरून शेळ्यांची रोजची छाटणी. त्यामुळं ते उंच झालंच नाही, नुसतं जाड होत गेलं. आमचे आजोबाही म्हणायचे, हे बोर असंच आहे. बोन्सायवाल्यांना नेमकं असलंच झाड लागतं. जे रूप कुंडीत आणायला त्यांना पंचवीस-तीस वर्षं लागतील, ते माळानं फुकटात करून ठेवलेलं असतं.

मी नाही म्हणलं. कारण चार वर्षांपूर्वी हो म्हणलं होतं.

तेव्हा खालच्या बांधावरचं असंच एक बोर दीड हजाराला दिलं. दिवाळी झालेली, झाड फळांनी लदलेलं. टिकावानं तासाभरात काढलं. सोटमूळ जाडजूड, ते कापलं. तंतुमुळं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. वीस दिवसांनी त्या गृहस्थांचा फोटो आला, नवी पालवी फुटलेली. मलाही बरं वाटलं. होळीपर्यंत झाड वाळून गेलं.

ती पालवी फसवी असते. बुंध्यात साठवलेल्या अन्नावर झाड एकदा फुटतं. खाली नवं मूळ धरलं नसेल, तर साठा संपला की खेळ संपला. आणि बोराचं मूळ हलवलेलं त्याला सोसत नाही, हे आपल्याला नवीन आहे का? म्हणून तर आपण गावठी बोराचं बी जागेवर लावून तिथंच उमराणचा डोळा भरतो. जे रोपाला सोसत नाही, ते साठ वर्षांच्या झाडाला कसं सोसणार?

माझं नुकसान तेवढ्यावर थांबलं नाही. खड्डा मी वरवर बुजवला होता. पुढच्या पावसाळ्यात पाणी तिथंच शिरलं, बांध फुटला, खालच्या वावरातली माती ओढ्याला गेली. दीड हजाराच्या बोरापायी जेसीबीला साडेतीन हजार मोजले. माती तर परत आलीच नाही.

जपानीत डोंगरातून आणलेल्या अशा झाडाला यामादोरी म्हणतात. तिथं कड्यांवरचे जुने जुनिपर इतके ओरबाडले गेले, की आता बहुतेक झाडं छाट कलमांपासून वाढवलेली असतात. आपण तिथवर जायची वाट कशाला बघायची?

पण माझा बोन्सायला विरोध नाही. झाड जिथं नाहीतरी मरणारच आहे, तिथून ते जरूर न्यावं. जुन्या विहिरीच्या कठड्यातला पिंपळ, वाड्याच्या भिंतीतला उंबर, रस्ता रुंदीकरणात जाणारा वड. पिंपळ बांधकाम फोडतो, पण तोडायला कुणी धजत नाही. मग कुंडीत जगवणारा माणूस भेटला तर दोघांचंही काम होतं. वड-पिंपळाच्या जातीची झाडं कमी मुळांवरही तग धरतात. मी त्या दोघांना विहिरीतला पिंपळ दाखवला. कठडा यंदा पाडायचाच आहे.

देणार असाल तर एवढं बघा:

१. मृगाच्या तोंडावर काढा. हवेत ओल आली की पान सुकत नाही. घाई नसेल तर एक वर्ष आधी अर्ध्या बाजूनं चर मारून मुळं तोडून ठेवा, बुंध्याजवळ तंतुमुळं फुटतात.

२. मुळं ओल्या बारदानात गुंडाळा. फांद्या आणि पानं कमी करा. लावताना पाणी निथळणारा मुरूम किंवा विटांचा चुरा वापरा. नवी मुळं धरेपर्यंत खत नको, आणि मूळ धरलं का बघायला हलवायचं तर अजिबात नाही.

३. खड्डा त्याच दिवशी मातीनं भरून धुम्मस करा.

४. झाड आपल्याच मालकीच्या जागेतलं हवं. सामाईक बांध असेल तर शेजाऱ्याला विचारा. राखीव वनातून परवानगीशिवाय झाड काढणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. देवराईचं तर नावच काढू नका.

आणि खरंच पैसे करायचे असतील तर झाडं वाढवून विका. बुंधा कुंडीत लवकर जाड होत नाही, जमिनीत होतो. पडीक कोपऱ्यात वड, उंबर, नांद्रुक यांच्या फांद्या लावा, दरवर्षी वरून छाटा. चिंच-बोर बियांपासून लावायचं तर रोपाखाली एक कौल आडवं ठेवा, म्हणजे सोटमूळ खाली न जाता मुळं बाजूला पसरतात. पाच-सहा वर्षांत विकण्याजोगा बुंधा होतो, आणि उचलला तरी जगतो.

खडकातलं बोर मात्र बांधावरच राहील. त्याची मुळं आहेत म्हणून तो बांध उभा आहे. तीन हजारात दुसरा बांध मिळत नाही.

तुमच्याकडे कुणी असं झाड नेलं असेल तर ते जगलं का, ते जरूर सांगा.