संसाराचा हिशेब : पणजीस घर शोधतांना

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधणें जिकिरीचें असलें तरी जागा कोठून आणावी हा प्रश्न सहसा पडत नसे. गांवीं वाडवडिलांची जमीन असे. लागत असे ती चिऱ्यांची, लांकडांची आणि गवंड्याच्या मनधरणीची तजवीज. हल्लीं नोकरीनिमित्त गांव सोडणाऱ्या मध्यम स्थितींतील कुटुंबाला घर बांधावयाचें नसतें, शोधावयाचें असतें. आणि मिळतें तें परवडत नाहीं व परवडतें तें मिळत नाहीं, असा अनुभव येतो. मुंबई-पुण्याची महागाई सर्वांच्या परिचयाची आहे. लहान शहराची महागाई मात्र निराळ्या जातीची असते, व तिचा विचार क्वचितच होतो. म्हणून ह्या खेपेस गोमंतकाची राजधानी पणजी उदाहरणादाखल घेऊन तो करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

२०११ च्या खानेसुमारीप्रमाणें पणजी महानगरपालिकेच्या हद्दींत सुमारें ४० हजार लोकांची वस्ती होती. पुण्या-मुंबईच्या एखाद्या उपनगरांतही ह्याहून अधिक माणसें आढळतील. मग येथें जागेची टंचाई कां? पहिलें कारण निसर्गाचें आहे. उत्तरेस मांडवी, पश्चिमेस तिचें मुख व समुद्र, पूर्वेस खाडी, आणि मधोमध आल्तिनोची टेकडी. ह्यांच्यामध्यें जी सखल पट्टी उरली, तिच्यांतही पुष्कळ भाग पूर्वीं दलदलीचा होता व तो भर घालून वस्तीयोग्य केलेला आहे. रायबंदरकडे जाणारा जुना बांध १६३० च्या दशकांत घालावा लागला, तो ह्या पाणथळ जागेमुळेंच. शहर वाढावयाचें तर नदी ओलांडून किंवा पठार चढूनच वाढणार.

दुसरें कारण माणसांचें आहे व तें अधिक विचार करण्याजोगें आहे. पणजींत फिरतांना कुलूपबंद जुनीं घरें दिसतात. कौलें खचलेलीं, खिडक्यांच्या शिंपल्या निखळलेल्या, आणि समोरच्या रस्त्यावर भाड्यानें जागा शोधणारीं माणसें! हा विरोध पाहून नवख्यास आश्चर्य वाटतें. परंतु त्याचें मूळ वारसाहक्कांत आहे. पोर्तुगालचा १८६७ चा दिवाणी कायदा १८७० पासून गोमंतकांत लागू झाला. त्यांतील वारसाविषयींचा भाग आतां २०१२ च्या गोमंतकीय कायद्यांत नव्यानें ग्रथित झाला असून तो २०१६ च्या अखेरीस अमलांत आला. ह्या कायद्याप्रमाणें मुलगा व मुलगी समान वारस आहेत. मातापित्यांना स्वेच्छेनें अर्ध्याच मिळकतीची व्यवस्था करितां येते; उरलेला अर्धा भाग मुलांचा ठरलेला असतो. शिवाय विवाहापूर्वीं निराळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मिळकत समाईक ठरते. म्हणून विक्रीच्या कागदावर प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या पत्नीची वा तिच्या पतीचीही संमति लागते. न्यायाच्या दृष्टीनें ही व्यवस्था स्तुत्य आहे; परंतु तीन पिढ्या वांटणीच झाली नाहीं, म्हणजे एका घराला वीसपंचवीस मालक होतात. त्यांतील कोणी लिस्बनला, कोणी मुंबईस, कोणी कॅनडांत. एकाची सही राहिली तरी दार उघडत नाहीं. तशांत १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळें, भाडेकरू एकदां शिरला कीं निघणार नाहीं, ही धास्ती घरमालकांच्या मनांत बसली. राहिलेल्या घरांपैकीं कांहीं पर्यटकांस दिवसाच्या भाड्यानें दिलीं जातात, तर कांहीं परप्रांतींच्या धनिकांनीं वर्षांतून चार दिवस विसाव्यास यावें म्हणून घेऊन ठेविलेलीं असतात. अशा रीतीनें घरें आहेत, पण संसाराकरितां नाहींत.

आतां एक कुटुंब कल्पूं. आजी-आजोबा, मुलगा-सून व दोन नातवंडें. मुलगा पणजीस नोकरीला, सून शिक्षिका. मूळ घर आंत एखाद्या गांवीं. राजांगण असलेलें, पण गळकें. ह्या सहा माणसांनीं घर कसें शोधावें?

पहिला हिशेब रुपयांचा. उदाहरणापुरतें पन्नास लाखांचें घर धरूं. पणजीच्या चांगल्या वस्तींत एवढ्या रकमेंत तीन पिढ्यांना पुरेशी जागा मिळेल, अशी आशा फारशी नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किंमतीच्या शेंकडा ८० ही मर्यादा आहे. म्हणजे कर्ज चाळीस लाख व पदरचे दहा लाख. आणि मुद्रांकशुल्क व नोंदणीफी बहुधा त्याहून निराळी. दर शेंकडा ९ व्याज धरल्यास वीस वर्षांच्या मुदतीला लाखामागें मासिक हप्ता सुमारें नऊशें रुपये पडतो. चाळीस लाखांस छत्तीस हजार. आणि वीस वर्षांत एकूण फेड सुमारें शहाऐंशी लाख चाळीस हजार. हा आंकडा घरांतील वडीलधाऱ्यांसमोर एकदां मोठ्यानें वाचावा. हप्ता भरण्यासाठीं दोघांचेंही वेतन अखंड चालावें लागत असेल, तर एकाच्या आजारपणानें संसार अडेल हें उघड आहे. दोघांपैकीं मोठ्या वेतनावरच हप्ता निभावतो कीं नाहीं हें पाहावें, व न निभावल्यास घर लहान किंवा दूरचें घ्यावें.

दुसरा हिशेब पायांचा. दूर म्हणजे किती दूर? रायबंदर बांधापलीकडेंच आहे. पुलापलीकडची पर्वरी पांच कि. मी. वर आहे, परंतु २००० सालीं विधानसभेची इमारत तेथें उभी राहिल्यापासून तीही वाढत गेली, व आज तिला स्वस्त म्हणवत नाहीं. फोंडा सुमारें तीस कि. मी. दूर, तेथें बाजार, शाळा, देवळें व मराठीचा शेजार सर्व आहे. कमावत्या माणसाचा रोजचा प्रवास आपण मोजतों, पण घरीं राहणाऱ्यांचा मोजीत नाहीं, ही मोठी उणीव होय. आजोबांना औषध आणावयास रिक्षा लागत असेल, आजीला देवळापर्यंत चालत जातां येत नसेल, सुनेला शाळेसाठीं दोन वाहनें बदलावीं लागत असतील, तर तें घर स्वस्त नव्हे. त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी दिलेली असते. शक्य तेथें एक पावसाळा अकरा महिन्यांच्या करारानें भाड्यानें राहून काढावा. पणजीच्या सखल रस्त्यांवर भरतीच्या वेळीं मोठा पाऊस आला कीं पाणी सांचतें, हें उन्हाळ्यांत घर पाहणाऱ्यास कसें कळावें?

एकत्र कुटुंबाला एकच मोठें घर पाहिजे, हा आग्रहही थोडा सैल करावा. चार खोल्यांचें एक घर मिळत नसल्यास एकाच इमारतींत वा एकाच आळींत दोन लहान बिऱ्हाडें, एक विकत व एक भाड्याचें, अशी मांडणी पुष्कळदां जमते. चूल एक ठेवावी कीं दोन, हें घरानें ठरवावें. दोन दारें झाल्यानें कुटुंब मोडत नाहीं. तें मोडतें निराळ्याच ठिकाणीं, आणि त्याविषयीं लिहावें हाच आमचा मुख्य हेतु आहे.

तें ठिकाण म्हणजे पदरच्या दहा लाखांचें. हे दहा लाख येतात कोठून? बहुतेक वेळां आजोबांच्या निवृत्तीच्या रकमेंतून, आजीच्या दागिन्यांतून किंवा गांवच्या घराच्या विक्रींतून. मायेपोटीं ते दिले जातात व कोणी कागद करीत नाहीं. आईबापांनीं मुलाकडून कागद मागावा हें आपल्याकडे कमीपणाचें वाटतें. परंतु कायदा माया ओळखत नाहीं, कागद ओळखतो. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणें गोमंतकीय मुलानें विवाहानंतर घेतलेलें घर साधारणपणें त्याचें व त्याच्या पत्नीचें समाईक होतें. सुनेचा तो हक्क रास्तच आहे. पण ज्यांच्या पैशानें तें उभें राहिलें, त्या वृद्धांचें नांव खरेदीखतांत नसेल तर त्यांची मालकी कोठेंच उरत नाहीं. गांवचें छप्पर विकलेलें, आणि शहरांत पाहुण्याचा दर्जा! शिवाय एका मुलास दिलेली रक्कम पुढें वांटणीच्या वेळीं सहसा त्याच्या हिश्शांत धरली जाते. लेकीला हें आधीं सांगितलेलें नसेल, तर बापामागें भावाबहिणींत वितुष्ट येण्यास तेवढें कारण पुरतें.

ह्यास्तव आमची सूचना अशी कीं, आगाऊ रक्कम देण्यापूर्वीं घरांतील सर्व प्रौढ माणसांनीं, सासरीं गेलेल्या लेकींसह, एकदां एकत्र बसावें. कोणाचे किती पैसे जाणार, मातापित्यांचें नांव सहमालक म्हणून घालावयाचें कीं निदान आजन्म राहण्याचा हक्क लेखी करावयाचा, गांवचें घर विकावयाचें कीं दुरुस्त करून ठेवावयाचें, हें तेथें ठरवावें व वकिलाकडून लिहून घ्यावें. सांभाळाच्या अटीवर दिलेली देणगी, अट मोडल्यास, रद्द ठरविण्याची तरतूद ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यांतील २३ व्या कलमांत आहे. पण ती अट कागदावर असली म्हणजे बळ येतें. असा कागद करणें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे. लग्नाच्या याद्या आपण विश्वास असूनच करितों ना!

मग घराचे कागद. जुनें घर असेल तर एक-चौदाच्या उताऱ्यावर भागूं नये. पोर्तुगीज अमदानींतील नोंदणी, वारसांची वांटणी, आणि घराच्या आवारांत कोणी मुंडकार आहे काय, हें पाहावें. कारण १९७५ च्या कायद्यानें मुंडकाराला आपल्या राहत्या घराखालची व भोंवतालची ठराविक जागा विकत घेण्याचा हक्क दिला आहे. नव्या इमारतींत बिनशेतीची सनद व भोगवट्याचा दाखला मागावा. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणें नोंदलेला करार होण्यापूर्वीं बांधणाऱ्यास किंमतीच्या दहांव्या हिश्शाहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. आणि जागेचें माप चटईक्षेत्रानें सांगावें लागतें. सज्जा व गच्ची त्यांत येत नाहींत. जाहिरातींतल्या मापावर न जातां आजोबांची खाट, नातवंडांचें टेबल व आजीचे देव कोठें राहतील, हें फूटपट्टीनें मोजावें.

एवढें करूनही कदाचित् घर पणजींत मिळणार नाहीं. रायबंदरास मिळेल किंवा फोंड्यास. पत्ता नदीअलीकडचा कीं पलीकडचा, ह्यावांचून फारसें अडत नाहीं. सहा माणसांपैकीं प्रत्येकाला तेथें हक्कानें राहतां येतें कीं नाहीं, एवढें मात्र आगाऊ रक्कम देण्यापूर्वींच पाहून घ्यावें. मागाहून तें पाहण्याची वेळ कोर्टांत येते.